हाडं पुरल्यावर आलेला पाऊस

अहो, सुतक फिटलं. पाहुणे आपापल्या गावी गेले. माझा भाऊ जालन्याहून आला होता, तोही काल निघाला. "चल माझ्याकडं, इथं एकटी काय करून राह्यलीस," म्हणत होता. मी नाही म्हणाले. घर सारवून झालं. तुमची खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे, आडवी दिसली की मी उगाच तिच्याजवळ जाऊन उभी राहते.

आल्यागेल्यानं तुमच्याविषयी चांगलंच सांगितलं. मास्तरांनी कुणाच्या लेकराला छडी लावली नाही, मास्तरांनी कुणाची अर्जी लिहून द्यायला कंटाळा केला नाही. आणि प्रत्येकजण शेवटी त्याच गोष्टीवर आला. त्या दुष्काळात मास्तरांनी हाडं परत केली म्हणून गाव जगलं. मी पदर तोंडाला लावून ऐकत होते. तुम्ही असता तर उठून म्हणाला असता, "थांबा, असं न्हाई झालं." आणि पुन्हा एकदा सगळ्यांचं मन मोडलं असतं. बोलणाऱ्यांतले कितीक खरोखर रडत होते. त्यांना काय अडवायचं? म्हणून ते सगळे गेल्यावर आता तुमच्याशीच बोलते.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मला पूर्णेच्या काठाला नेलंत. नवी नवरी नवऱ्यामागं दिवसाढवळ्या नदीवर चालली म्हणून सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मी जालन्याच्या स्टेशनाजवळ वाढलेली, वडील सरकी काढायच्या कारखान्यात कारकून, मला नदीचं कौतुक. वाटलं, काही गोड बोलाल. तुम्ही मला एका उंच दरडीसमोर उभं केलंत आणि म्हणालात, "हे बघ."

मला माती दिसली.

"नीट बघ. वर काळी दिसून राह्यली ना, ती आपली रोजची माती. तिच्याखाली पिवळट. तिच्यात ते पांढरे खडे, चुनखडीचे. असे खडे ओल्या मुलखात होत न्हाईत. पाऊस कमी, ऊन जास्त, तव्हा जमिनीतला चुना गोठून बसतो. आता त्याच्याखाली बघ. गोटे आन् शिंपले. त्या काळी नदी दांडगी होती, पाऊस दांडगा होता. आन् त्याच्याही खाली फिरून चुनखडी."

"म्हंजी?"

"म्हणजे ओलं, कोरडं, फिरून ओलं, फिरून कोरडं. हजारो वर्षांखाली. कुणी पाप केलं न्हाई, कुणी पुण्य केलं न्हाई. माणूसच नव्हता इथं."

"मंग आपल्याला काय त्याचं?" मी विचारलं.

तुम्ही हसलात. आपलं पहिलं भांडण ते. संसार सरला, पण ते काही मिटलं नाही.

तुम्ही हैदराबादच्या कॉलेजातून उर्दूत विज्ञान शिकून आलेले. शिकलेले बाकीचे तिकडंच कचेऱ्यांत चिकटले, तुम्ही गावाकडं आलात आणि शाळा धरलीत. तुमच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा, आबोहवा. "आब म्हणजे पाणी," असं तुम्ही पोरांना सांगायचात, "आपण हवापाणी म्हणतो तेच. आन् हे हवापाणी कूस बदलतं. माणसासारखंच. फक्त त्याची एक कूस म्हणजे आपल्या कितीतरी पिढ्या." पितळी दुर्बीण उन्हात धरून तुम्ही कागदावर सूर्य उतरवायचात. ताटलीएवढा उजेड, आणि त्यात तीळ पडावेत तसे बारीक काळे डाग. म्हातारी माणसं ओट्यावर बसून ते बघायची आणि सूर्याला डाग म्हटल्यावर कानाला हात लावायची. तुम्ही सांगायचात की हे डाग अकराएक वर्षांनी वाढतात, मग ओसरतात, आणि त्याचा पावसाशी काही संबंध असावा असं कुणाकुणाला वाटतं. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते, तिची सूर्याभोवतीची वाट कधी गोल तर कधी लांबट होते, आणि तेवढ्यानं हजारो वर्षांत मुलूखच्या मुलूख ओले नाहीतर कोरडे होतात. कुठं ज्वालामुखी फुटला तर त्याची राख आभाळात राहून ऊन अडवते. समुद्र तापतो, निवतो.

"यातलं खरं कोणचं?" असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "सगळंच थोडंथोडं असंल. पक्कं कुणालाच ठावं न्हाई."

मला राग यायचा त्या "असंल"चा. एवढं शिकून यायचं आणि शेवटी "असंल" म्हणायचं.

मग ते हाड सापडलं. आपली लेक कमळ तेव्हा नुकती शाळेत बसायला लागली होती. पुरानं दरड ढासळली आणि तळच्या गोट्यांतून मोठं काहीतरी डोकावताना तुम्हाला दिसलं. दगड फोडणाऱ्या यल्लप्पा वडाराला तुम्ही मजुरीनं लावलंत, त्यानं पहारीनं हळूहळू भोवतालचे गोटे सोडवले. बैलगाडीत घालून ते घरी आलं तेव्हा निम्मं गाव मागं होतं. हाड कसलं, दगडच झाला होता त्याचा. एक जबडा, त्यात मुठीएवढाल्या दाढा, आणि कोयत्यासारखा वाकडा एक सुळा. बरोबर मांडीच्या हाडाचा एक तुकडा. सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, म्हणून ओसरीत कोपऱ्यात ठेवलं. तुम्ही सुळा घेऊन हैदराबादला जाऊन आलात. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा मी विसरणार नाही. घरात शिरायच्या आधीच सांगायला लागलात, "पाणघोडा आहे! माझ्या सरांनी बघितलं. हे जनावर बारमाही डोहाबिगर जगत न्हाई. म्हणजे आपल्या पूर्णेला वर्षभर डोह होते, अनसू!"

चारचौघांत तुम्ही मला नावानं हाक मारलीत, ती तेवढी एकदाच.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस उघडला तो आलाच नाही. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही तशीच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. लोकांनी निभावून नेलं, कणग्यांत थोडं होतं. पण दुसऱ्या वर्षीही तेच झालं. जनावरं घाटाखाली वऱ्हाडात नेली, जी नेता आली नाहीत ती दारात मेली. विहिरींना खडक लागला. बायका नदीच्या वाळूत खड्डे खोदून झिरपून येणारं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. तेव्हा पहिल्यांदा मी ऐकलं, पाण्यावरच. राक्षसाचं हाड उकरलं, त्याला सूर्य दाखवला, आता तो पाणी पिऊन राह्यला.

लोक आपल्या दारी आले ते दुपारी. पुढं व्यंकटराव भाऊजी, तुमचे चुलतभाऊ आणि गावचे पाटील. माणूस वाईट नाही, तेव्हाही नव्हता. दोन्ही हात जोडूनच ते म्हणाले, "दादा, माझा काय विश्वास हाय न्हाई ते सोडा. पर लोकायला वाटून राह्यलंय. ती हाडं जिथल्या तिथं नेऊन पुरा."

तुम्ही त्या लोकांना बसवलंत आणि सगळं सांगितलंत. दरड, चुनखडी, सूर्याचे डाग, भोवरा. उन्हानं काळवंडलेली, पोट पाठीला लागलेली माणसं तुमच्या तोंडाकडं बघत होती. मी दाराआडून बघत होते आणि माझा जीव तुटत होता, त्यांच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही. तुमचं बोलणं संपल्यावर एक म्हातारी बाई पुढं सरकली. तिचा लेक कामाच्या शोधात गेलेला, त्याचा पत्ता नव्हता.

"मास्तर, तुमाला एवढं ठावं हाय. मंग पाऊस कव्हा येईल ते सांगा."

मी मनात म्हणत होते, सांगा काहीतरी. पुढच्या मृगाला येईल म्हणा. ज्योतिष्यानं सांगितलंच होतं, तुम्हीही सांगा.

"ते मला ठावं न्हाई, मावशी," तुम्ही म्हणालात.

कुणीतरी मागून हसलं. मग सगळे उठून गेले. हाडं तिथंच राहिली.

त्या उन्हाळ्यात पटकी आली. पाणी उकळून प्या असं तुम्ही घरोघर सांगत फिरलात, पण सरपण कुठं होतं? आपल्या घरी उकळतच होतो. कमळ कुणाच्या घरी काय प्याली, कुठं प्याली, कोण सांगणार? सकाळी पोटात कळ आली म्हणाली आणि दिवस मावळायच्या आत तिचे डोळे खोल गेले. तुम्ही मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं घालत होता, ते ओठांतून बाहेर येत होतं. तिनं शेवटी तुमचं बोट धरलं होतं, माझं नाही. मला तेव्हा तेही सहन झालं नाही.

तिला पोचवून तुम्ही आलात. मी ओसरीत त्या जबड्यासमोर बसले होते. मी म्हणाले, "टाका हे. आत्ताच्या आत्ता टाका."

"अनसू, ह्याचा आन् कमळचा काय संबंध?"

"मला ठावं न्हाई. मला वाटून राह्यलंय. तुमाला एवढ्या जगाचं वाटतं, माझ्या वाटण्याचं काय?"

तुम्ही माझ्याशेजारी बसलात. हात धरलात. हाडं मात्र टाकली नाहीत. मी तुमच्याशी बोलणं सोडलं. भाकरी वाढायची, पाणी ठेवायचं, तेवढंच.

पुढं जे झालं ते गावाला वेगळं आठवतं आणि मला वेगळं. गावाला आठवतं, मास्तरांना लेकीच्या दुःखानं शहाणपण आलं. तसं नव्हतं. लोकांचा राग तुमच्यावर निघेना, तुम्ही पाटलांच्या घरातले. तो यल्लप्पावर निघाला, कारण पहार त्यानं चालवली होती. वडारांच्या घागरीत गावच्या बायका वरून पाणी ओतायच्या, अशीच रीत होती. ते ओतणं बंद झालं. यल्लप्पाची बायको दुर्गव्वा कडेवर तान्हं घेऊन वाळूत बसून राहायची, सगळ्यांच्या घागरी भरून होईपर्यंत आणि झाल्यावरही. स्वतःचा खड्डा खोदला तर कुणीतरी बुजवून टाकायचं. मी आपल्या घागरीतलं तिला दिलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या घागरीपुढं बायका आडव्या झाल्या.

मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. कितीतरी दिवसांनी मी बोलले ते हे. पायात वहाणा घातल्या आणि सरळ भाऊजींच्या वाड्यावर गेलात. काय बोलणं झालं ते भाऊजींनीच मला परवा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हाडं पुरतो. पण आधी वडारांच्या घागरी भरायच्या, मंग गाडी जुंपायची." भाऊजी म्हणाले, "दादा, तुमचा विश्वास बसला म्हणायचा." तुम्ही म्हणालात, "तू काय म्हणायचं ते म्हण. पाणी ओत."

दुर्गव्वाच्या घागरी भरल्या. मग गाडी निघाली. भर उन्हात सगळं गाव दरडीखाली जमलं होतं. खड्डा तुम्ही स्वतः खणलात, कुणाला हात लावू दिला नाहीत. तो सुळा ठेवताना तुम्ही त्याच्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसलीत. ज्याला पुरायचं त्याला कुणी पुसतं का? कमळला न्यायच्या आधी तुम्ही तिचा चेहरा असाच पुसला होता. मला तिथं उभं राहवेना.

आणि त्या वर्षी पाऊस आला. मृगाच्या आरंभालाच आला, भरपूर आला, पूर्णेला पूर आला आणि ती दरड आणखी ढासळली. हाडं वाहून गेली की आत खोल दबली, तुम्हालाही पुन्हा कधी दिसली नाहीत.

माणसं तुमच्या पाया पडायला आली, अहो. नारळ, उपरणं घेऊन आली. मी दारात उभी होते आणि तुमचा चेहरा बघत होते. दुष्काळात ते लोक तुम्हाला हसले तेव्हाही तो इतका पडला नव्हता. तुम्ही म्हणत होता, "पाऊस येणारच होता. दोन वर्षं उघडीप झाली, आता कूस बदलली." ते मान डोलवत होते, थोर माणूस असंच म्हणणार अशा थाटात. तुमचं नाही म्हणणंही त्यांनी तुमचा मोठेपणा करून टाकलं. त्यांचा समज तुम्ही पक्का करून दिलात, स्वतःच्या हातानं. शाळेतली पोरं विचारायची, "मास्तर, हाडं पुरली म्हणून पाणी आलं ना?" तुम्ही रोज "न्हाई" म्हणायचात, आणि पोरं घरी जाऊन सांगायची की मास्तर लाजतात.

त्यानंतर तुम्ही कमी बोलायला लागलात. दुर्बीण काढायचात, कागदावर डाग बघायचात, पण कुणाला बोलवायचा नाहीत. एकदा मी आपण होऊन येऊन शेजारी बसले. डाग बरेच होते. मी विचारलं, "म्हंजी यंदा काय?" तुम्ही म्हणालात, "चक्रात चक्र आहे, अनसू. लहान चक्र मोठ्या चक्रात, ते आणखी मोठ्यात. आपण एका जन्मात किती बघणार? तेवढ्यावरून सांगणं म्हणजे पोथीचं एक पान वाचून कथा सांगणं." मी म्हणाले, "मंग बघता कशाला?" तुम्ही म्हणालात, "पुढचं पान कुणीतरी वाचंल."

पण माझ्या मनात एक काटा होता. मी सांगितलं तेव्हा तुम्ही हाडं टाकली नाहीत. मी आई होते तिची. आणि यल्लप्पासाठी टाकलीत. हे मी तुम्हाला कितीतरी वर्षं विचारलं नाही. या वैशाखात तुम्हाला मुदतीचा ताप भरला, तो उतरेना, आणि एका सकाळी तुम्ही शुद्धीवर होता, पेज मागितलीत, तेव्हा विचारलं. आता नाही विचारलं तर राहून जाईल असं वाटलं.

तुम्ही म्हणालात, "तुझ्यासाठी टाकली असती, तर त्या हाडांनीच कमळ नेली असं मी कबूल केल्यासारखं झालं असतं. तिला मी कुणाच्या कोपाची करू दिली न्हाई. आन् वडारांसाठी टाकली ती घागर भरावी म्हणून. तुझी घागर कशानं भरली असती, सांग."

पेज थंड होत होती, मी ती तुम्हाला भरवली. मग ताप पुन्हा चढला, आणि पुढं नीट असं बोलणं झालंच नाही.

जे तेव्हा बोलले नाही ते आता सांगते. तुमचं मला पटलं होतं. हाडांनी पाऊस अडवला नाही, माझ्या लेकीला राक्षसानं नेलं नाही, हे मला तेव्हाही आत कुठंतरी ठाऊक होतं. पण तुमच्या सूर्याला मी काय करू? राक्षस असता तर त्याच्या पाया पडले असते, नवस केला असता, शिव्या दिल्या असत्या. तुमचा सूर्य कुणाचा वैरी नाही, पृथ्वी डुलते ती कुणावर रागावून नाही. माझी कमळ गेली ती कुणाच्याही मनात नसताना गेली. त्या दुष्काळाला ती दिसलीसुद्धा नाही. हे एवढं मोठं, एवढं मुकं दुःख तुम्ही एकट्यानं कसं पेललंत? गावाला त्यांचा राक्षस होता, मला माझा राग होता. तुम्हाला काहीच नव्हतं. तरी तुम्ही रोज उठून शाळेत गेलात. आणि माझ्या रागाला एकदाही अडाणी म्हणाला नाहीत, याबद्दल मी तुमचे पाय धरायला हवे होते.

आता शेवटचं सांगते, ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. तेराव्याच्या जेवणानंतर व्यंकटराव भाऊजी आत आले, खाली मान घालून बसले. म्हणाले, "वहिनी, लोकायच्या मनात हाय की दरडीजवळ दादांच्या नावानं एक दगड बसवावा. शेंदूर लावून. यंदा अजून वारं फिरलं न्हाई, लोक भेऊन राह्यले."

"भाऊजी, ते असं म्हणाले असते का?"

"न्हाई," भाऊजी म्हणाले. "पर लोकायला काहीतरी लागतं, वहिनी."

"त्यांचं नाव कोरू नका," मी म्हणाले. "बाकी गाव तुमचं हाय."

दगड बसला. नाव कोरलेलं नाही, पण सगळे मास्तरबाबाच म्हणतात. आज सकाळी मी बघायला गेले. बायका नारळ ठेवत होत्या. आभाळ पांढरं फटक, वाऱ्याला ओल नाही. यातल्या कितीक पोरी तुमच्या हाताखाली शिकलेल्या. एकीनं माझ्या हातात हळदकुंकू दिलं. "काकू, तुमी मागा ना. तुमचं ते ऐकतील."

मला हसू आलं, अहो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिला म्हणाले, "ऐकायचे गं ते सगळ्यांचं. पण ज्या गोष्टीची खात्री न्हाई, ती ते कुणालाच द्यायचे न्हाईत."

तिला काही कळलं नाही. तिनं हात जोडले, डोळे मिटले. तिच्या कडेवर लेकरू होतं आणि तिच्या ओठांवर पापुद्रे आले होते. मी तिचं लेकरू माझ्याकडं घेतलं, म्हणजे तिला नीट वाकता येईल.